कारवानी कुत्रे घरात आणण्यापूर्वी

५ नोव्हेंबर १९५६, कासारवाडी

काल भाऊबीज आटोपली आणि आज सौ.ला पुण्याहून परत घेऊन आलो. दापोडी स्टेशनापासून घरापर्यंत ती माझ्या चार पावले पुढे चालत होती. चूल पेटवता पेटवता म्हणाली, "मला इथे राहवत नाही. घर खायला उठतं. दादा म्हणतो, यांची पुण्याला बदली होईपर्यंत तू इकडेच राहा." दादा म्हणजे तिचे थोरले बंधू यशवंतराव, मुक्काम शनिवार पेठ. लग्नाच्या वेळी मी जानवशात चहा गार आहे म्हणालो होतो, तेव्हापासून ते माझ्यावर दात धरून आहेत.

घर खायला उठते म्हणजे तिला भीती वाटते, हे उघड आहे. वाटणारच. एका अंगाला रेल्वेची लाइन, बाकी तिन्ही अंगांना ज्वारी. मी सकाळी सायकलवरून पिंपरीच्या कारखान्यात स्टोअरवर जातो तो दिवेलागणीला परत. मागच्या आठवड्यात ज्वारीत खसफस झाली तेव्हा मी आतली कडी धरून सौ.ला धीर देत होतो. ती कंदील घेऊन बाहेर जाऊन पाहून आली. घरमालक मारुतरावांची म्हैस सुटली होती. म्हैस होती म्हणून बरे, माणूस असता तर काय केले असतेस, हे मी तिला नीट समजावून सांगितले.

सौ. खरोखरच निघून गेली तर मी इथे एकट्याने राहायचे ही कल्पनाही करवत नाही. जेवणाच्या दृष्टीने म्हणतो आहे. तेव्हा ठरवले, कुत्रे पाळायचे. चांगले दांडगे, नुसत्या आवाजाने माणसाच्या तोंडचे पाणी पळवील असे. कारखान्याच्या लॉरीवरचा ड्रायव्हर कोंडाजी लातूरकडचा आहे. तो म्हणाला, "आमच्याकडं कारवानी कुत्री हायेत साहेब, लई नामी. आणून देतो."

११ नोव्हेंबर

कुत्रे आले. कोंडाजीने लॉरीच्या केबिनमधून गोणपाटात गुंडाळलेले काहीतरी खाली ठेवले. मला वाटले, तंबूच्या काठ्या आहेत. गोणपाट काढल्यावर त्या काठ्या उभ्या राहिल्या आणि आमच्याकडे पाहून त्यांनी तोंड फिरवले. उंची गुडघ्याच्या बरीच वर, तोंड लांबच लांब, पोट जवळजवळ नाहीच. अंगावर मोजून घ्याव्यात अशा फासळ्या.

"आजारी आहे का?" मी विचारले.

"आजारी कशानं? जात अशीच हाय," कोंडाजी म्हणाला. "बघा साहेब, आधीच सांगतो. ह्ये भुंकत न्हाई. राखणीचं न्हवं, सशामागं पळायचं कुत्रं हाय. पळवाया लागतंय. काठी उगारायची न्हाई. आन् खायला मटण."

हे सगळे त्याने तेव्हाच सांगितले होते हे मान्य केले पाहिजे. पण त्या वेळी माझे लक्ष 'मटण' या शब्दावर अडकले. आमच्या घरात अंडेसुद्धा कधी आलेले नाही. त्याला ताकभात मिळेल असे मी सांगितले. कोंडाजीने कुत्र्याकडे पाहिले आणि मग बराच वेळ टोपी नीट केली.

नाव भीमसेन ठेवले. हाक ऐकूनच चोराला अंदाज यावा हा हेतू. सौ.ने दारातून पाहिले आणि म्हणाली, "हा कसला भीमसेन, सुतळी आहे नुसती." लगेच ते 'सुतळ्या' या हाकेला शेपूट हलवू लागले. मी भीमसेन म्हणालो की लाइनीकडे बघते.

१५ नोव्हेंबर

मारुतरावांच्या मातोश्री अंबूबाई सकाळी अंगणात कमरेवर हात ठेवून उभ्या. "आवं, मुक्या जनावराला उपाशी ठिवतासा व्हय? पाप लागंल!" मी जात अशीच असते असे सांगितले. "उपाशी मरायची कुनाची जात नसती," म्हणाल्या आणि भाकरी-दूध घेऊन आल्या. सुतळ्याने ते खाल्ले, वर आमचा ताकभातही खाल्ला, आणि फासळ्या होत्या तितक्याच राहिल्या. त्यामुळे माझी बाजू आणखी पडली.

दुपारी स्टोअरमध्ये दोघांनी विचारले, काय खांबेटे, कुत्र्याला जेवायला घालत नाही म्हणे? संध्याकाळपर्यंत वदंता 'बायकोलाही घालत नाही' इथवर पोचली होती. घरी आलो तर अंबूबाईंनी सौ.साठी पिठले-भाकरी पाठवलेली. "खा ग माजे बाय, लाजू नगंस," असा निरोप. हद्द झाली.

ज्यांना कारवानी कुत्रे आणायचे असेल त्यांनी आधी शेजाऱ्यांना बोलावून त्याच्या फासळ्या दाखवाव्यात.

२१ नोव्हेंबर

पिठल्याची पितळी वाटी परत करताना ती रिकामी कशी द्यायची म्हणून सौ.ने त्यात ओल्या नारळाच्या वड्या घातल्या. आमच्याकडे कोकणात तशीच पद्धत. पण तीच पद्धत यांच्याकडेही आहे, ही अडचण लक्षात आली नाही. वाटी हुलग्याचे शेंगोळे घेऊन परत आली. मग आमच्याकडून आंबोळी. तिकडून हुरडा. आठवडाभर ती एक वाटी अंगणातून ये-जा करते आहे आणि कुणालाच थांबवता येत नाही. सौ.चा अर्धा दिवस वाटी नेण्यात जातो आणि अर्धा ती घेऊन आलेल्या अंबूबाईंशी बोलण्यात. एवढी दगदग तिला झेपेल का, अशी काळजी वाटते. मी म्हणालो, एकदा मन घट्ट करून रिकामी देऊन टाक. तिने माझ्याकडे असे पाहिले की मी विषय बदलला.

२५ नोव्हेंबर

आज भीमसेनची परीक्षा झाली. मी दळण आणायला गेलो होतो, सौ. अंबूबाईंकडे. एक परका गृहस्थ सरळ ओटीवर येऊन बसला, आमच्या तांब्यातले पाणी प्याला. अर्धा तास! कुत्र्याने एकदा वास घेतला, तोंड फिरवले आणि सौ.च्या गोधडीवर जाऊन झोपले. गृहस्थ यशवंतराव होते हा भाग वेगळा. त्यांनी कुरवाळायला हात पुढे केला तर ते उठून आतल्या खोलीत गेले. परक्याने हात लावलेला या जातीला खपत नाही. यशवंतरावांना तो अपमान वाटला.

"सुमन, हे कुत्रं तुझी काय राखण करणार?" ते म्हणाले. "चल माझ्याबरोबर."

सौ. एवढी हसत सुटली की तिला ठसका लागला. पुढच्या महिन्यात बघू, म्हणाली. इतके हसणे बरे नव्हे. मनावर ताण आला की असे होते, हे मी कुठेतरी वाचले आहे.

४ डिसेंबर

थंडी पडली. या कुत्र्याच्या अंगावर केस म्हणावेत असे काही नाहीत, कातडेही पातळ. रात्री कुडकुडते. सौ.ने त्याला अंगरखा शिवला, गळ्यापाशी बटणासकट. छान उबदार लोकरी कापड आहे. सकाळी कामावर निघताना खुंटीवर माझा कोट सापडला नाही तेव्हा उलगडा झाला.

९ डिसेंबर

काल ते मांजरामागे सुटले ते संध्याकाळी आले. एकदा काही पळताना दिसले की यांना कान राहत नाहीत. मी भीमसेन, भीमसेन करत लाइनपर्यंत गेलो. मी त्यांच्यातल्याच कुणाला तरी बोलावतोय असे समजून दोघे गँगमन कुदळी टाकून आले.

कोंडाजी म्हणाला, "सांगितलं होतं की, पळवाया लागतंय. बांधून ठिवलं तर येडं होईल बिचारं." म्हणून आज रविवार साधून मी सायकलच्या दांडीला दोरी बांधून त्याला माळावर नेले. सुरुवात चांगली झाली. मग ससा उठला. पुढचे मला क्रमाने आठवत नाही. सायकल ओढ्यात होती, मी निवडुंगाशेजारी होतो, आणि भीमसेन भोसरीच्या दिशेने गेले होते.

काटे काढताना सौ. म्हणाली, "उद्यापासून मी नेते."

मी साफ नाही म्हणालो. बाईमाणसाने कुत्र्यामागे माळावर धावायचे? लोक काय म्हणतील? शिवाय ती घाबरट. सौ. म्हणाली, "मान वळवू नका, काटा आत जातो."

१७ डिसेंबर

ती नेते.

१४ जानेवारी १९५७, संक्रांत

सौ.च्या प्रकृतीबद्दल काळजी वाटू लागली आहे. लक्षणे लिहून ठेवतो. वर्ण काळवंडला. अंधार पडताच झोप येते. आणि भूक! पूर्वी एक पोळी खाऊन उठायची, हल्ली भाकऱ्या खाते, वर मिरचीचा ठेचा. पायांना भेगा. मधूनच एकटी गुणगुणते. माणूस आतून खचले की शरीर असे बोलू लागते. मी तिच्यासाठी एक टॉनिक आणले. तिने ते सुतळ्याला घातले.

हळदीकुंकवाला वाडीतल्या एवढ्या बायका आल्या की मला मागच्या पडवीत बसावे लागले. सगळ्या तिला 'सुमन' म्हणतात, कुणी 'सुमे' सुद्धा. ती कुणाला काही बोलत नाही. किती सोसायचे एखाद्याने!

आता वेळ घालवून चालणार नाही. यशवंतराव एक दिवस येऊन तिला घेऊन जातील आणि मी बघत राहीन. पुण्याच्या हेड ऑफिसकडे बदलीचा अर्ज आजच लिहिला. कारण : पत्नीची नाजूक प्रकृती. तिला सांगितलेले नाही. एकदम आनंदाची बातमी द्यावी.

२७ जानेवारी

सकाळी मी संध्या करत असताना सुतळ्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर आला आणि ससा ठेवला. मेलेला. मग दोन पावले मागे जाऊन बसला आणि शाबासकीची वाट पाहू लागला.

मी ओरडलो. नुसता ओरडलो, हात उचलला नाही. त्याने माझ्याकडे एकदा पाहिले आणि दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. या जातीला शब्द लागतो. सौ.ने सशाला कानांना धरून उचलले, हो, तिने, जिला लग्नात झुरळ पाहून चक्कर आली होती, आणि अंबूबाईंना नेऊन दिला. मारुतरावांकडे रश्शाचा बेत झाला. वाटी परत आली. नशीब, गूळ-शेंगदाणे होते.

संध्याकाळी मी सुतळ्याची समजूत काढली. दूध-भाकरी हाताने भरवली. मग त्याने माझ्या मांडीवर डोके ठेवले. हाडे फार टोचतात.

११ फेब्रुवारी

कर्म माझे! सुतळ्याने अंबूबाईंच्या तीन कोंबड्या मारल्या. पळाल्या नसत्या तर वाचल्या असत्या, पण कोंबड्यांना हे कोण सांगणार? मारुतराव संतापून ओटीवर आले. "भाऊसाहेब, हे कुत्रं वाडीत दिसता कामा न्हाई. न्हाईतर खोल्या सोडा."

मी शांतपणे सांगितले की शनिवारी कोंडाजीची लॉरी जाते, त्यात त्याला परत पाठवतो. खरे सांगायचे तर मला सुटल्यासारखे वाटले. नाहीतरी बदली होणारच, आणि शनिवार पेठेत एवढ्या लांब कुत्र्याला वळायलाही जागा नाही.

सौ. दारात उभी होती. मारुतराव गेल्यावर म्हणाली, "सुतळ्या गेला तर मी त्याच लॉरीत बसून जाईन."

"लॉरी लातूरला जाते," मी सांगितले.

"मला ठाऊक आहे."

जेवली नाही. ऊठसूट जाण्याची भाषा करते आहे. तिचे मन इथून पार उडाले आहे याबद्दल माझी आता खात्री झाली.

१२ फेब्रुवारी

सकाळी अंबूबाईंनी भर अंगणात मुलाला फैलावर घेतले. "कोंबड्या माज्या हुत्या. कुत्रं सुमनचं हाय. तू कोन रं मदी बोलनार? म्हस सुटून लोकांची ज्वारी खाती तवा तिला लॉरीत घालतोस का?"

मारुतराव म्हशीला पाणी दाखवायला निघून गेले. आईपुढे त्यांचा आवाज फुटत नाही. सौ.ने अंबूबाईंच्या सुनेला हाताशी धरून दुपारपर्यंत तुरीच्या काड्यांचे कूड विणले आणि कोंबड्यांना आवार केले. संध्याकाळी मी पाहिले तर चांगले भक्कम होते. तिच्या तळहातांना फोड आले होते. मी तूप लावून दिले. ती म्हणाली, "कुणी आपल्या बाजूने भांडलं की किती बरं वाटतं हो." मी म्हणालो, मी भांडणारच होतो. तिने दुसरा हात पुढे केला.

२२ मार्च

बदलीचा हुकूम आला. एक तारखेपासून पुण्याचे ऑफिस. साहेबांनी अर्धी रजा दिली. मी चिंचवडहून पेढे घेतले आणि सायकल अशी मारली की दोनदा साखळी उतरली.

घराला कुलूप. अंबूबाई म्हणाल्या, "सुमन व्हय? ती माळाला गेली. आज दोन येळा न्हेलंया, कुत्रं ऐकंना."

मी बांधावरून चालत गेलो. समोरच्या टेकाडावरून एक बाई धावत खाली येत होती. लुगडे वर खोचलेले, अंबाडा सुटलेला, पायात काही नाही. तोंडात दोन बोटे घालून तिने अशी शीळ घातली की माझ्या हातातला पुडा पडला. कुणाची सून आहे, घरात कुणी वळण लावलेले दिसत नाही, असे मनात आले. पोर दिसायला मात्र छान होती. मी जरा बघतच राहिलो. माझ्या शेजारून सुतळ्या वाऱ्यासारखा गेला आणि तिच्याभोवती गिरकी घेऊ लागला.

"अहो, तुम्ही? आज लवकर?" ती बाई म्हणाली.

मी हुकूम पुढे केला. तिने धापा टाकतच वाचला. घडी घालून परत दिला. "छान झालं. तुम्हाला हवं होतं ना. कधी निघायचं तुम्हाला?"

"आपल्याला," मी म्हणालो.

"मी नाही येत."

 म्हणालो, "अगं, तुझ्यासाठीच अर्ज केला. तू इथे भीतीने अर्धी झालीस..."

"भीती वाटते असं मी कधी म्हटलं?"

"घर खायला उठतं म्हणाली होतीस."

"उठायचंच. तुम्ही सकाळी गेलात की दिवे लागेपर्यंत मला नावाने हाक मारणारं कुणी नव्हतं. भिंतींशी बोलायचे मी. चोर आला असता ना, तर त्याला बसवून चहा केला असता."

"मग मी कुत्रं आणतो म्हणालो तेव्हा गप्प का बसलीस?"

"तुम्हाला झोप लागत नव्हती म्हणून," सौ. म्हणाली. "पानं वाजली तरी तुम्ही दचकून उठायचात. म्हटलं, येऊ दे, तुम्हाला धीर येईल."

ती हे टोचून बोलली नाही. पायातला काटा काढता काढता, वरणात मीठ घातले का विचारावे तसे बोलली. मग म्हणाली, "तुम्ही जा. दादाकडे राहा. रविवारी येत जा. मी इथे नीट आहे." मी पेढ्यांचा पुडा उचलला. सुतळ्याने त्यातला एक खाल्ला. 

२३ मार्च

स्टोअरमध्ये बसून लिहितो आहे. नोव्हेंबरपासूनची पाने आज सकाळी वाचली. तिचे खरे आहे. मला इथे भीती वाटते. पहिल्या दिवसापासून वाटते. ज्वारीची वाटते, अंधाराची वाटते, आणि सौ. आपल्याला कंटाळून निघून जाईल याची सगळ्यात जास्त वाटते. मी तिच्या नावावर माझी भीती लिहीत आलो, आणि ती बिचारी हूं की चूं न करता माझ्यासाठी एका कुत्र्याला 'हो' म्हणाली. आणि मी तिला टॉनिक आणले!

ती आता जाणार नाही. तिला कुणी नेऊही शकत नाही. निघालो आहे तो मी.

दुपारी साहेबांकडे गेलो आणि बदली नको म्हणून सांगितले. ते चिडले. "खांबेटे, अर्जात पत्नीची प्रकृती नाजूक लिहिली होती तुम्ही."

"सुधारली, साहेब."

"मग आता कारण काय लिहू?"

मी म्हणालो, "घरात कारवानी कुत्रे आहे. पेठेत पळायला जागा नाही." शिपाई फिस्सकन हसला. साहेबांनी तसे लिहून घेतले. पुन्हा अशी संधी येणार नाही असेही बजावले.

संध्याकाळी सौ.ला सांगितले. ती भाकरी थापत होती. हात थांबला. "माझ्यासाठी नको हं," म्हणाली.

"तुझ्यासाठी नाही," मी म्हणालो. "मला तुझ्यावाचून करमणार नाही. पुण्यातही भीती वाटेलच की." हे असे तोंडावर तिला मी लग्नाला अकरा वर्षे होत आली तरी कधी म्हटले नव्हते. तिने पिठाचे हात तसेच ठेवून माझ्याकडे पाहिले आणि डोळे पुसायला खांदा वर केला. नाकाला पीठ लागले. भाकरी करपली ती सुतळ्याने खाल्ली.

२४ मार्च, रविवार

उजाडताच तिघे माळावर गेलो. मी धोतर वर खोचले होते. अंबूबाई तोंडाला पदर लावून बघत होत्या, बघू देत.

सौ.ने दोरी सोडली आणि दोघेही निघाले. मी धावलो. पहिल्या बांधापर्यंत ठीक होतो, मग बरगडीत कळ आली. सगळ्या बाजूंनी उघडा माळ, जवळ चिटपाखरू नाही, आणि ती दोघे बोटाएवढी लहान झालेली. मला भीती वाटली आणि मी ती वाटू दिली. ओरडून हाक मारली, "सुमन!" लग्नात नाव घेतले त्यानंतर आज पहिल्यांदाच.

सुतळ्या थांबला नाही, त्याची जातच तशी. ती थांबली. वळून कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि मी पोचेपर्यंत तिथून हलली नाही.